मनगटातल्या दोन पांढऱ्या रेघा

डायलिसिस सुरू झालं तेव्हा मानेत तात्पुरती नळी होती आणि हातात फिस्टुला करून घ्यायचा बाकी होता. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडणं. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरतं, काही आठवड्यांत शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग दर वेळी तिथे दोन सुया टोचून रक्त मशीनमधून फिरवता येतं. शक्यतो हा जोड मनगटापाशी करतात, कारण तो बिघडला तर वरची जागा हाताशी राहते. सर्जननी माझ्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली, बराच वेळ नाडी चाचपली आणि म्हणाले, "मॅडम, हाताचा साधा एक्स-रे काढून घ्या. डॉप्लरही करू."

साध्या एक्स-रेत धमनी दिसत नाही. ती बघायची तर रक्तात औषध सोडावं लागतं. माझी मात्र तशीच दिसत होती: मनगटाच्या हाडाशेजारून दोन बारीक, समांतर, पांढऱ्या रेघा कोपराकडे गेलेल्या. एक रेघ धमनीची एक भिंत, दुसरी दुसरी भिंत. दोन्हींत कॅल्शियम बसलेलं.

मी कोल्हापुरातल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, तेही निवृत्तीपर्यंत. धमनीचे तीन थर, शिरेचे तीन थर, आकृती काढा, भागांना नावे द्या, हे किती तुकड्यांना शिकवलं असेल. पण त्या मधल्या थरातल्या पेशी काय करू शकतात हे मला तो एक्स-रे हातात येईपर्यंत नीट माहीत नव्हतं. शिकवण्याच्या पुस्तकात ते नव्हतंच.

डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, धमनीची आतली पोकळी २ मिलिमीटरच्या जरा वरच होती, म्हणजे कागदावर चालण्यासारखी. पण सर्जन म्हणाले, आकार पुरेसा नाही, भिंत ताणली गेली पाहिजे. फिस्टुला झाल्यावर धमनीतून कित्येक पट रक्त वाहायला लागतं आणि ते वाहण्यासाठी धमनी स्वतः रुंद होते. कॅल्शियमने कडक झालेली भिंत रुंद होत नाही. टाकेसुद्धा त्यात नीट बसत नाहीत. म्हणून मनगट सोडून कोपरापाशी करायचं ठरलं. जागेवर भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी कोपराच्या वर बोट ठेवलं की सतत थरथर लागायची, तिला सगळे 'थ्रिल' म्हणतात. ती लागली की जोड चालू आहे. मग रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम, त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्या हातावर झोपायचं नाही. हे सगळं फिस्टुलावाल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला लिहायचंय ते त्या रेघांबद्दल. एक्स-रे घरी आणला आणि पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली. गीझरच्या कॉइलवर जसा क्षार धरतो तसं हे, पाण्यातलं कॅल्शियम जास्त झालं असणार, दूध बंद करा, बोअरचं पाणी बंद करा. माझ्या जावेने तर कॅल्शियमची गोळी कधी घेतली होती का, म्हणून उलटतपासणी घेतली. माया होती त्यात, पण समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे माणसं भलत्याच गोष्टीच्या मागे लागतात. माझं रक्तातलं कॅल्शियम तेव्हा ९.१ होतं, अगदी सर्वसाधारण. बिघडलेला आकडा दुसराच होता: फॉस्फरस ७.२. (रक्तात तो फॉस्फेटच्या रूपात असतो.) निरोगी माणसाचा तो साधारण २.५ ते ४.५ असतो.

किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर त्याच आकड्याभोवती गोल केला. "ह्या रेघांचं मूळ इथे आहे," एवढंच म्हणाले, कारण बाहेर रांग होती. उरलेलं मी वाचून काढलं, आणि पुढच्या भेटींत त्यांना विचारून पक्कं केलं.

धमनीच्या मधल्या थरात स्नायुपेशी असतात. आकुंचन-प्रसरण हे त्यांचं काम. पण त्या आणि हाड घडवणाऱ्या पेशी गर्भातल्या एकाच प्रकारच्या ऊतीतून येतात, आणि ते नातं पुरतं तुटलेलं नसतं. भोवतीचा फॉस्फेट वाढला की स्नायुपेशी आपल्या भिंतीतल्या वाहक प्रथिनांमार्फत तो आत ओढून घेते. आत गेलेला फॉस्फेट नुसता पडून राहत नाही, तो पेशीच्या जनुकांची दिशा बदलतो. स्नायूची प्रथिनं बनवणारी जनुकं मंदावतात आणि रन्क्स-२ नावाचं जनुक जागं होतं. हे जनुक नसेल तर शरीरात हाडच तयार होत नाही, इतकं ते हाडाचं. ते जागं झालं की धमनीतली ती पेशी अल्कलाइन फॉस्फटेज, ऑस्टिओकॅल्सिन अशी हाडाच्या कारखान्यातली प्रथिनं बनवायला लागते, आपल्याभोवती कोलॅजनचं जाळं विणते, आणि कॅल्शियम-फॉस्फेटने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडते. त्या पिशव्यांत पहिले स्फटिक धरतात. हायड्रॉक्सीअॅपेटाइटचे. आपल्या हाडात आणि दातात आहे तेच खनिज.

२००० साली अमेरिकेत जोनो, जियाकेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या धमनीतल्या स्नायुपेशी काचेच्या ताटलीत वाढवून हे दाखवलं. द्रावात फॉस्फेट लिटरला १.४ मिलिमोल होता तेव्हा काही झालं नाही. २ मिलिमोल केला आणि पेशींभोवती खनिज साचू लागलं. मी ते एकक आपल्या रिपोर्टच्या एककात, म्हणजे डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये, बदलून पाहिलं. १.४ म्हणजे साधारण ४.३. २ म्हणजे ६.२. माझा ७.२. त्या संध्याकाळी मी ह्यांना वही दाखवली आणि आमच्या घरातली दुधाची चर्चा तिथे थांबली.

खरं तर ही गोष्ट जुन्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटली नव्हती. जर्मनीतल्या रुडॉल्फ विर्खोव्हने एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली धमनीत हाडासारखी ऊती पाहून लिहून ठेवली होती. पण पुढे बराच काळ हे वयाबरोबर आपोआप होणारं, निर्जीव साचणं मानलं गेलं. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या बोस्ट्रॉम, डेमर आणि सहकाऱ्यांना माणसाच्या रोगट धमनीत हाड घडवण्याचा संकेत देणारं प्रथिन सापडलं, तेव्हापासून संशोधकांनी ह्या प्रश्नाकडे पुन्हा वळून पाहिलं.

मला त्याहून जास्त विचारात पाडलं ते उलट्या प्रश्नाने: मग सगळ्यांच्याच धमन्या दगड का होत नाहीत? आपल्या शरीरद्रवांत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्यांचा स्फटिक व्हायला हवा. होत नाही, कारण शरीर अहोरात्र तो अडवत असतं. यकृतात बनणारं फेटुइन-ए रक्तात कॅल्शियम-फॉस्फेटचे कण गुंडाळून विरघळते ठेवतं. पायरोफॉस्फेट नावाचा छोटा रेणू स्फटिक वाढूच देत नाही, आणि पेशीने अल्कलाइन फॉस्फटेज बनवायला घेतलं की ते एंझाइम नेमकं ह्याच रेणूला तोडतं. ज्या बाळांमध्ये पायरोफॉस्फेट बनवणारं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांच्या धमन्या तान्हेपणीच कॅल्शियमने भरतात. तिसरं, मॅट्रिक्स जीएलए प्रथिन, हे धमनीतल्या स्नायुपेशी स्वतःच बनवतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांमधून ह्या एका प्रथिनाचं जनुक काढून टाकलं. पिल्लं धड जन्मली, आणि दोन महिन्यांच्या आत मेली. धमन्या कॅल्शियमने कडक होऊन फुटल्या होत्या. म्हणजे मऊ धमनी ही शरीराला सतत राखावी लागते.

किडनी गेली की ही राखण बऱ्याच बाजूंनी ढासळते. सतत धुमसणाऱ्या दाहामुळे यकृत फेटुइन कमी बनवतं. आणि मॅट्रिक्स जीएलए प्रथिन नुसतं बनून भागत नाही, ते कामाला लागण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं, आणि आमच्यासारख्यांत ते अनेकदा कमी पडतं. हे कळल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, मग के-२ च्या कॅप्सूल घेऊ का, जाहिराती तर पुष्कळ दिसतात. ते म्हणाले, कल्पना सरळ वाटते, पण डायलिसिसच्या रुग्णांवर आतापर्यंत झालेल्या चाचण्यांत त्याने कॅल्शियम साचणं थांबल्याचं पक्कं दिसलेलं नाही. हिरव्या भाज्या बेताने खा. आमच्यासारख्यांना भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी ओतून खाव्या लागतात, पोटॅशियमपायी. व्हिटॅमिन के पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते त्या पाण्याबरोबर जात नाही, हा त्यातला दिलासा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आमच्या युनिटमध्ये एका भावजींच्या हृदयात धातूची झडप आहे आणि ते वॉरफरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, घेतात. वॉरफरिन व्हिटॅमिन के चं काम अडवतं, म्हणून ते दीर्घकाळ घेणाऱ्यांत धमन्यांत कॅल्शियम जास्त साचतं, हे खरं आहे. ते कुणाकडून तरी ऐकून भावजी गोळी सोडायच्या विचारात होते. धातूच्या झडपेला ती गोळी लागतेच. सोडली तर झडपेवर गुठळी धरून अर्धांगवायू होऊ शकतो. असं काही वाचलं की डॉक्टरांशी बोलायचं, गोळीला हात लावायचा नाही.

आता कॅल्शियम येतं कुठून. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडादातांत. किडनी फॉस्फेट बाहेर टाकेनाशी झाली की हाडं एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक वाढवतात, उरलीसुरली किडनी त्यावर जोर लावून फॉस्फेट टाकत राहते, म्हणून सुरुवातीची काही वर्षं रक्तातला आकडा चांगला दिसतो. पण त्याच संप्रेरकामुळे सक्रिय व्हिटॅमिन डी घटतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होऊन पीटीएच हे आपलं संप्रेरक वाढवतात. पीटीएच हाडातून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. हाडातून कॅल्शियम एकटं येत नाही, फॉस्फेटसकट येतं. त्यामुळे माझ्यासारखीची हाडं विरळ होत जातात आणि धमन्यांत हाड धरतं, दोन्ही एकाच वेळी. कॅल्शियमच्या भीतीने दूध तोडून ह्यातलं काय थांबणार होतं?

शिवाय मला मधुमेह आहे, वीसएक वर्षांचा. साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते आणि तयार होणारी संयुगं ह्याच स्नायुपेशींना हाडाच्या वाटेला ढकलतात. फॉस्फरस वाढायच्या कितीतरी आधी माझ्या धमन्यांत सुरुवात झालेली असणार.

हे मधल्या थरातलं कॅल्शियम. १९०३ मध्ये जर्मन डॉक्टर मोंकेबर्गने त्याचं वर्णन केलं, त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. ह्यात धमनी बंद होत नाही, कडक होते, आणि कडक झाल्याचे परिणाम मी रोज बघते. माझं बीपी १७६/६२ असं यायचं. वरचा आकडा चढा, खालचा उतरलेला. हृदयाचा ठोका पडला की लवचीक महाधमनी फुगून तो धक्का सामावून घेते आणि मधल्या काळात आकसून रक्त पुढे ढकलते. कडक धमनीला दोन्ही जमत नाही. हृदयाला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, त्याची भिंत जाडावते. पायातलं रक्त बघायला घोट्याला पट्टा बांधून दाब मोजतात आणि दंडाच्या दाबाशी तुलना करतात. माझ्या घोट्याच्या धमन्या पट्ट्याने दाबल्याच जाईनात, त्यामुळे गुणोत्तर दीडच्या वर आलं. बघणाऱ्याला वाटावं पायांना उत्तम रक्त जातंय. त्या परीक्षेवर विसंबू नका म्हणून तिथल्या डॉक्टरांनी अंगठ्याचा दाब वेगळा मोजला. मधुमेह असलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

माझ्या धाकट्या भावाचं प्रकरण निराळं. तो पुण्यात असतो, किडन्या ठणठणीत. त्याने हृदयाचा कॅल्शियम स्कोअर काढून घेतला. हे सीटी स्कॅन फार सोपं असतं: छातीला ईसीजीच्या तारा, रंगाचं इंजेक्शन नाही, काही सेकंद श्वास रोखायचा. अॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीने कॉम्प्युटर १३० हाउन्सफील्डच्या (सीटीतल्या घनतेचं एकक) वरचे पांढरे ठिपके मोजून आकडा देतो. शून्य सगळ्यात चांगला, ४०० च्या वर गंभीर. त्याचा १४०. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू झाली, आणि काही वर्षांनी पुन्हा काढला तर आकडा वाढलेला. गोळीनेच वाढलं म्हणून तो घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला.

त्याचं कॅल्शियम आतल्या थरातलं. तिथे आधी कोलेस्टेरॉलचे कण घुसतात, ते खायला आलेल्या पेशी तिथेच मरतात, त्या मेलेल्या पेशींच्या अवशेषांवर आणि दाहाच्या संकेतांवर कॅल्शियम धरतं. ह्यात धोका जास्त असतो तो सुरुवातीच्या विखुरलेल्या बारीक कणांचा, कारण ह्या साचलेल्या चरबीच्या गाठीवरच्या पातळ आवरणात ते असले की आवरणावर ताण येतो आणि ते फाटू शकतं. स्टॅटिनने गाठीतली चरबी आणि दाह कमी होतो, उरलेलं कॅल्शियम घट्ट, सलग होतं, गाठ स्थिरावते. पण स्कोअर मोजताना घट्ट कॅल्शियमला जास्त गुण मिळतात, म्हणून आकडा चढतो. त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं आणि गोळी चालू ठेवली. माझाही स्कोअर काढला होता, तो सहाशेच्या वर आला. हे स्कॅन कुठल्या थरातलं कॅल्शियम आहे ते सांगत नाही, फक्त एकूण मोजतं. म्हणून दोघा भावंडांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही, हे मी त्याला पटवलं.

उपाय काय, तर माझ्यासाठी मुख्यतः फॉस्फरस उतरवणं. तो अडवायला मला आधी कॅल्शियम अॅसिटेट होतं. जेवणाबरोबर घेतलं की अन्नातला फॉस्फरस ते आतड्यातच धरतं. एक्स-रेनंतर डॉक्टरांनी ते बदलून सेव्हेलॅमर दिलं, कारण त्यात कॅल्शियम नसतं आणि धमन्यांत आधीच साचलेलं असताना बाहेरून आणखी भर नको. ते महाग आहे, गोळ्या मोठ्या आहेत, पोट जड राहतं. जेवणाच्या मधेच घ्यायच्या, नंतर आठवण झाली तर उपयोग नाही. सूनबाई ताटात भाताच्या शेजारी गोळी ठेवते, मग विसरायला होत नाही.

आणि हिशेब. साधारण जेवणात रोज एक ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस जातो, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त शोषला गेला तर आठवड्याला चार ग्रॅम. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये पाऊण ते एक ग्रॅम निघतो. आठवड्यातून तीनदा म्हणजे फार तर तीन ग्रॅम, तेही पूर्ण वेळ बसलं तर. फॉस्फरसचा मोठा साठा पेशींच्या आत असतो, तो हळूहळू रक्तात येतो, म्हणून तासभर जास्त बसण्याला खरी किंमत आहे. "अर्धा तास आधी उतरवा" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा हिशेब सांगते. टेक्निशियन माझा जुना विद्यार्थी आहे, तो म्हणतो, "मॅडम, तुम्हीच सांगा त्यांना, माझं कोण ऐकतंय."

कोल्हापुरात राहून फॉस्फरस कमी खाणं ही मोठी कसोटी आहे. गंगावेशीतलं म्हशीचं धारोष्ण दूध, पांढरा रस्सा, खव्याचे पदार्थ, प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट. पण प्रथिनं तोडून चालत नाही, डायलिसिसमध्ये ती वाहून जातात आणि अशक्तपणा येतो. अंड्यातला पांढरा भाग मला सगळ्यात उपयोगी पडला: प्रथिनं भरपूर, फॉस्फरस नगण्य. डाळी-कडधान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो, तो आपल्याला पुरता पचत नाही, म्हणून त्यांची मला पूर्वीइतकी धास्ती वाटत नाही. खरा शत्रू पाकिटातला. तिथे घातलेलं फॉस्फेटचं मीठ जवळजवळ सगळंच्या सगळं शोषलं जातं, आणि फॉस्फरस किती ते पाकिटावर बहुधा लिहिलेलं नसतं. घटकांच्या यादीत आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात मिसळलेल्या पदार्थांचे ठरलेले आकडे, मात्र असतात. ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ दिसले की ते फॉस्फेट. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, कोलात असतं ते.

पुढचं महिन्या-महिन्याचं काम. फॉस्फरस आता पाचच्या आसपास असतो. डायलिसिसच्या द्रावातलं कॅल्शियम थोडं खाली आणलंय. पीटीएच अजून चढं आहे, त्यासाठी सिनाकॅल्सेट सुरू झालंय, त्याने मळमळतं आणि कॅल्शियम जास्तच उतरलं तर बोटांना मुंग्या येतात, म्हणून तपासण्या जवळजवळ होतात. रेघा गेलेल्या नाहीत. साचलेलं कॅल्शियम धमनीतून परत काढणारं औषध आज माझ्या डॉक्टरांकडे नाही, त्यांनी ते पहिल्यापासून स्पष्ट सांगितलं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. वाढ मंदावणं एवढंच मागायचं आहे, आणि ते मागण्यासारखं आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर इचलकरंजीचा एक मुलगा बसतो, जेमतेम पंचविशीचा. २००० साली डायलिसिसवरच्या तरुण मुलांच्या हृदयाचे स्कॅन करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता, विशीतल्या कित्येकांच्या धमन्यांत कॅल्शियम सापडलं होतं. म्हणून मी त्याच्या मागे लागलेली असते. तो मशीनवर बसताना झटपट नूडल्स आणायचा. एकदा पाकीट उलटं करून दोघांनी मिळून वाचलं, ४५१ आणि ४५२ दोन्ही होते. "काकू, मग खाऊ काय?" म्हणाला. मी म्हटलं, आईला सांग, चुरमुऱ्यांना लसणाची फोडणी द्यायची, मीठ अगदी नावाला, शेंगदाणे घालायचे नाहीत. पुढच्या पाळीला त्याने चुरमुरे आणले, सोबत बिस्किटाचा एक पुडाही आणला, आणि मी बघायच्या आधीच त्यावरचा ४५० मला बोट ठेवून दाखवला.